दोन सीटांची गाडी आणि लांबचा प्रवास: आधी हत्यारं, मग कपडे

मृग_बहार (नागपूर)

नागपुरात दोन सीटांच्या, छत उघडणाऱ्या गाड्या आता अधूनमधून दिसतात. बहुतेक सेकंडहँड आलेल्या: बीएमडब्ल्यूची झेड-फोर, मर्सिडीजची एसएलके, क्वचित पोर्शची बॉक्स्टर. रविवारी सकाळी फुटाळा, फार तर रामटेक, आणि मग आठवडाभर कव्हरखाली. लांब का नेत नाही असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "सामान कुठं ठेवायचं?" मला हे अजिबात पटत नाही. दोघांचं आठवडाभराचं सामान या गाड्यांत नीट बसतं. फक्त भरण्याची पद्धत सेडानच्या उलट लागते.

सेडानमध्ये जॅक, स्टेपनी, पाने डिकीच्या तळाशी आधीच असतात. आपण वरून सुटकेसा ठेवतो आणि निघतो. या गाड्यांपैकी बऱ्याच जणींत स्टेपनी नसते, जॅकही नसतो, त्याऐवजी रनफ्लॅट टायर असतात. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत राहून ८० किलोमीटरपर्यंत चालवता येतं. वर्धा रोडवर ८० किलोमीटर पुष्कळ झाले. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना, किंवा छिंदवाड्याच्या पुढे तामियाच्या घाटात, तेवढं अंतर जाऊनही आपल्या मापाचा टायर समोर येईलच असं नाही. शिवाय रनफ्लॅट आपल्या रस्त्यांवर कडक लागतात म्हणून अनेकांनी ते काढून साधे टायर घातले आहेत. त्यांच्या हाती तर ते ८० किलोमीटरही नाहीत.

म्हणून माझा क्रम असा: ज्यावाचून गाडी जागची हलणार नाही ते आधी, ज्यावाचून माणसाची तब्येत बिघडेल ते त्यानंतर, आणि कपडे शेवटी, उरलेल्या जागेत.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. माझी झेड-फोर २००९ ते २०१६ या पिढीतली, पत्र्याचं छत दुमडून डिकीत जाणारी. छत बंद असताना डिकी ३१० लिटर आणि छत आत आलं की १८०. लोक ३१० धरून भरतात आणि मग प्रवासभर छत उघडत नाहीत. अशी गाडी घेऊन निघायचं आणि डोक्यावर आकाश नसावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. तेव्हा १८० लिटर हेच आपलं माप. डिकीतला आडवा पडदा खाली ओढून अडकवल्याशिवाय छत हलतच नाही. तो पडदा लावायचा आणि त्याच्याखाली मावेल तेवढंच न्यायचं.

तुम्ही कसं भरता ते सविस्तर लिहा. गाडी कुठलीही चालेल, जागा कमी असली म्हणजे झालं.

धरमपेठी

धागा आवडला, पण शीर्षकाशी सहमत नाही. या गाड्यांत सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक. इंजिनवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं तरी खाली काय दिसतं ते आपल्याला कळत नाही. मग पान्यांचं गाठोडं कशाला? हवा भरायचा छोटा कंप्रेसर, पंक्चर किट आणि चार्ज केलेला फोन. उरलेल्या जागेत कपडे आणि चांगले बूट. दोन-तीन किलो लोखंड रस्ताभर वाहून नेण्यात मला अर्थ दिसत नाही.

मृग_बहार

इंजिनबद्दल तुमचं बरोबर आहे. मी इंजिन खोलायची हत्यारं नेतच नाही. पण रस्त्यात अडकवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा इंजिनाबाहेरच्या असतात: टायर, बॅटरी, सैल झालेला क्लॅम्प, बंपरखालचं लोंबणारं प्लास्टिक. शेवटचं तर या गाड्यांचं हमखास दुखणं. गाडी खाली बसलेली असते, गावातला गतिरोधक उंच असतो, खालच्या आवरणाचे दोन स्क्रू जातात आणि ते रस्त्याला घासायला लागतं. त्यावर उपाय काय? रुंद केबल टाय, एक पकड, एक स्क्रू ड्रायव्हर. दहा मिनिटांत गाडी पुन्हा चालू.

माझ्या गुंडाळीत आहे ते असं. १७ मिलिमीटरची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा, चाकाच्या बोल्टसाठी. १० आणि १३ चे रिंग पाने. टॉर्क्स बिटांचा छोटा संच, कारण जर्मन गाड्यांत चांदणीच्या आकाराचे स्क्रू जागोजागी असतात. पकड, केबल टाय, इन्सुलेशन टेप, फ्यूज, कपाळाला लावायची बत्ती, रबरी हातमोजे. हे सगळं जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत, प्रत्येक वस्तूला आपला कप्पा, म्हणजे खडखड होत नाही. पत्र्याची किंवा कडक प्लास्टिकची पेटी या डिकीत नको. पेटीतली हवासुद्धा जागा खाते.

वऱ्हाडी_पाना

भाऊ, मी अमरावतीले गॅरेजवर असतो. धरमपेठी भाऊंले सांगतो, चाकाचीच गोष्ट घ्या. स्टेपनी नसली तरी पंक्चर काढाले चाक खोला लागते. या गाड्यायले नट नसतात, बोल्ट असतात. मारुतीत कसं, हबावर, म्हंजे चाक बसते त्या चकतीवर, चाक लटकवलं का सळया बाहेर असतात, नट फिरवले का झालं. इथं चाक हातात धरून हबाचं भोक अन् चाकाचं भोक जुळवा लागते, अन् तवाच बोल्ट आत घाला लागते. अंधारात, घाटात, १८ इंची चाक मांडीवर घेऊन हे करून पाहा. त्याच्यासाठी एक गाइड पिन भेटते, पेन्सिलीएवढी जाड सळई, एका टोकाले बोल्टासारखे आटे. पयले ते हबात फिरवा, तिच्यावर चाक टांगा, बाकी बोल्ट लावा, मंग पिन काढून शेवटचा बोल्ट. वजन काहीच नाही. आपल्या बोल्टाच्या मापाची घ्या, १२ चा आटा का १४ चा, ते पाहून.

दुसरं, लॉकवाला बोल्ट. अलॉय चाक चोरी जाऊ नाही म्हणून एका बोल्टाले वेगळं तोंड असते अन् त्याची वेगळी चावी असते. गाडी इथं येते, आमी चार बोल्ट खोलतो, पाचवा तसाच. चावी कुठं हाये त म्हणे नागपूरले घरी, कपाटात. आता काय कराव? सेकंडहँड गाडी घेतानाच इचारा का चावी कुठं हाये. भेटली नाही त लॉकवाले बोल्ट काढून साधे टाका.

तिसरं, जॅक. गाडी खाली, पंक्चर झाली का अजून खाली. आपला नेहमीचा जॅक खालीच शिरत नाही. म्हणून बारका, चपटा कात्री जॅक पायजे. सोबत एक फळी ठेवा, पाऊण इंच जाड, दीड फूट लांब. पंक्चर चाक हळूच त्या फळीवर चढवलं का जॅकले जागा भेटते, अन् मातीत जॅक रुतत असंन त तेच फळी खाली टाकता येते. दाराखाली जॅक लावाची जागा ठरलेली असते. तिथंच लावा, दुसरीकडं लावला त पत्रा चेपते. चाक खोलताना गाडी नुसत्या जॅकवर असते, तवा अंगाचा कोणताच भाग तिच्याखाली घालू नका.

धरमपेठी

लॉक बोल्टचं वाचून लगेच खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. चावी डिकीच्या डाव्या कप्प्यात फोमच्या मागे आहे. गाइड पिन मागवतो. कपडे एक जोड कमी.

वळणवेडा

वऱ्हाडी_पाना, फार उपयोगाचं लिहिलंत. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, नेता येत नाही त्यांच्यासाठी एक हिशेब देतो. माझ्या पुस्तिकेत चाकाच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर दिलं आहे. ४० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण ३० किलोचा जोर दिला की तेवढं होतं. म्हणजे हाताने घट्ट ओढायचं, दांड्यावर उभं राहायचं नाही. पुढच्या गावात टायरवाल्याकडे टॉर्क रेंचने तपासून घ्यायचं. आपल्या गाडीचा आकडा मात्र आपल्याच पुस्तिकेत पाहा.

आता माझा मुद्दा. हत्यारं न्यायची, पण ती ठेवायची कुठे यावर लोक बोलतच नाहीत. दोन सीटांच्या गाडीत मागची सीट नसते, म्हणून सीटांमागच्या फळीवर वाटेल ते फेकलं जातं. ताशी ६० च्या वेगात गाडी कशावर तरी आदळली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपून थांबली, तर आतल्या सुट्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४ पट जोर मिळतो. दोन किलोचा कंप्रेसर त्या क्षणी ४७-४८ किलोच्या जोराने पुढे येतो, आणि त्याच्या वाटेत असतं आपलं डोकं. सीटांमागे फक्त मऊ सामान: स्वेटर, चादर, टोपी. लोखंड डिकीत, तळाशी, सीटांच्या बाजूला टेकवून, पट्ट्याने आवळून. जड सामान डिकीच्या मागच्या टोकाला गेलं की घाटातल्या वळणात गाडीचं बूड लगेच जाणवतं, कारण तो भाग मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे येतो.

एकटे जात असाल तर शेजारच्या सीटच्या पायाशी जड बॅग ठेवायला हरकत नाही. ती जागा खाली आणि दोन्ही आसांच्या मधे आहे. ड्रायव्हरच्या पायाकडे मात्र पाण्याची बाटलीही नको. ती ब्रेकखाली गेली तर काय होईल ते सांगायला नकोच.

ऊनसावली

मी नवऱ्याबरोबर अशा गाडीतून पुण्याला लग्नाला जाते, तेही हिवाळ्यात, म्हणजे पैठणी आली, त्याचा सूट आला, आणि पहाटेच्या थंडीसाठी जाड कपडेही आले. इथे सगळे लोखंडावर बोलताहेत, म्हणून कपड्यांबद्दल लिहिते.

चाकांची सुटकेस आणूच नका. चाकं आणि ओढायचा दांडा यांनीच बरीच जागा जाते आणि कडक कोपरे डिकीच्या गोलाईत बसत नाहीत. दोन मोठ्या बॅगांपेक्षा चार-पाच लहान, मऊ पिशव्या बऱ्या. पैठणी मलमलच्या कापडात सपाट घडी करून सगळ्यात वर. नरम कपड्यांच्या गुंडाळ्या. बुटांच्या पोकळीत मोजे आणि चार्जर. सूट मी डिकीच्या तळावर उलगडून पसरते, त्यावर बाकीच्या पिशव्या येतात आणि मग सूटच्या बाह्या आणि वरचा अर्धा भाग त्या पिशव्यांवरून परत दुमडते. अशी रुंद वळणाची घडी मोडत नाही, पोचल्यावर एक इस्त्री पुरते. लग्नघरी लागणारं जड सामान, भेटवस्तू वगैरे, आम्ही चार दिवस आधी पार्सलने पाठवतो. सगळं गाडीतूनच गेलं पाहिजे असा हट्ट कशाला?

औषधं, चष्मा, गाडीची कागदपत्रं आणि एक जोड कपडे यांची वेगळी पिशवी माझ्या पायाशी. वाटेत मुक्काम करावा लागला तर डिकी उपसायची वेळ येत नाही.

आणि संत्री! नागपूरहून जाताना संत्री नेली नाहीत तर पुण्याची मंडळी दारातच विचारतात. पेटी बसत नाही, म्हणून कापडी पिशव्यांत सुटी भरायची आणि कोपऱ्यांत लावायची. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात निघणारी संत्री नेमकी लग्नसराईत येतात, तेव्हा दरवर्षीचा प्रश्न सुटतो. वर जड काही ठेवू नका, एवढंच.

कामठी_रोड

बॉक्स्टरवाल्यांनी काय करावं? नुकतीच ७१८ घेतली आहे. डिकी पुढेही आहे आणि मागेही.

वळणवेडा

अभिनंदन! तुमच्याकडे पुढे १५० आणि मागे १२५ लिटर आहेत, आणि छत कापडी असल्याने उघडल्यावर डिकी कमी होत नाही. पुढची जागा खोल आहे, लहान उभी बॅग त्यात बसते. इंजिन मधोमध असल्यामुळे मागची डिकी लांबच्या प्रवासात गरम होते. तिथे कपडे आणि टॉवेल. संत्रा बर्फी, औषधं, चॉकलेट, कॅमेरा पुढे.

नवतपा_४७

हिवाळ्याचं सगळे लिहीत आहेत, मी उन्हाळ्याचं लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही नेहमीची गोष्ट. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला की उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० च्या पुढे जातं. दुपारी कोणी छत उघडत नाही, पण पहाटे चारला निघून नऊपर्यंत पोचणारे आहेत, मी त्यांतलाच.

या तापमानात सामानाच्या यादीतल्या बऱ्याच वस्तू धोक्याच्या होतात. डिओड्रंट, स्प्रे, दाबाखाली भरलेले डबे यांवर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं. लायटर, पॉवर बँक यांचंही तेच. टायरमध्ये भरायच्या सीलंटच्या डब्यावर मुदत असते, ती कोणी वाचत नाही. उन्हात राहिलेला आणि मुदत संपलेला डबा ऐन वेळी दगा देतो. टेपचा गोंद वितळून सगळ्या हत्यारांना लागतो, म्हणून टेप झिप पिशवीत.

पाणी माणशी चार लिटर. जागा खातं, कबूल, पण या बाबतीत मी काटकसर करत नाही. समृद्धी महामार्गावर दोन इंटरचेंजच्या (चढण्या-उतरण्याच्या जागांच्या) मधे गाडी बंद पडली, तर डोक्यावर झाड नसतं आणि खाली काँक्रीट तापलेलं असतं. एक पांढरी सुती चादर ठेवतो. उभ्या गाडीच्या काचेवर टाकता येते, ओली करून डोक्यावर घेता येते.

मृग_बहार

नवतपा, इथे मला एक पेच दिसतो. बॅटरी बसली तर उपयोगी पडणारा जंप स्टार्टर बहुतेक वेळा लिथियमचाच असतो. तो डिकीत ठेवावा तर बॅटरी बसल्यावर बटणाने उघडणारी डिकी उघडत नाही. आणि केबिनमध्ये ठेवावा तर तुम्ही म्हणता तसं ऊन.

नवतपा_४७

पेच खरा आहे. मी तो सीटखालच्या कप्प्यात ठेवतो आणि गाडी उन्हात लावली की लॅपटॉपसारखा बरोबर घेऊन उतरतो. तरीही किल्लीच्या आत जी लोखंडी चावी लपलेली असते, ती कुठल्या कुलपात चालते हे घरीच पाहून ठेवा. काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि जंपची टोकं पुढे बोनेटखाली दिलेली असतात. पुस्तिकेतलं ते पान फोनमध्ये फोटो काढून ठेवलं की रस्त्यात शोधाशोध होत नाही.

धरमपेठी

समृद्धीचा विषय निघाला म्हणून विचारतो. तिथे हवा कमी ठेवावी की जास्त? टायर तापतात म्हणून कमी ठेवा असं बरेच जण सांगतात.

वळणवेडा

कमी अजिबात ठेवू नका! हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात, आणि टायर मुख्यतः त्या वाकण्यानेच तापतो. ताशी १२० च्या मर्यादेत तास-दोन तास एकसारखं चालवताना हे फार महत्त्वाचं आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिठ्ठी असते, तिच्यावर सामान भरलेल्या गाडीचा दाब वेगळा दिलेला असतो. तोच भरा, सकाळी टायर थंड असताना. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, तो धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. दुपारी वाढलेला पाहून हवा सोडायची नाही. शिवमडक्याला, समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, चढण्याआधी मोजा, आत गेल्यावर सोय कुठे लागेल ते आपल्या हातात नसतं.

कंप्रेसर वापरताना इंजिन चालू ठेवा आणि लायटरच्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते आधी पाहा. बहुतेक छोटे कंप्रेसर १० ते १५ अँपिअर घेतात. पंक्चर किटमधली भोकात भरायची दोरी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात चालते, टायरच्या बाजूला चीर गेली असेल तर गाडी उचलूनच न्यायची.

वऱ्हाडी_पाना

उचलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पुढचं चाक हुकाले टांगून नेणारी क्रेन या गाड्यायले चालत नाही, बंपर फुटते. फोनवरच सांगा का फ्लॅटबेड, म्हंजे गाडी पूरी वर घेणारा सपाट ट्रक, पायजे अन् गाडी खाली बसलेली हाये. गाडीसंगं एक लोखंडी हुक भेटते, बंपरावरचं चौकोनी झाकण काढून आत फिरवाचं. ते हुक सामानात पायजेच. त्याच्याशिवाय फ्लॅटबेडवाला दोर बांधन कुठं? काहीचे आटे उलटे असतात, डावीकडं फिरतात, तवा घरीच एक डाव लावून पाहा. अन् मी सांगतली ते फळी इथंबी कामाची. फ्लॅटबेडच्या उताराखाली टाकली का बंपर घासत नाही.

मृग_बहार

मदतीसाठी नंबरही नीट लिहून ठेवा. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा, म्हणजे ४४ किंवा ५३ वर उपयोगी. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे (एमएसआरडीसी) आहे, तिथला मदतीचा नंबर वेगळा, निघण्याआधी फोनमध्ये घालून घ्या. जिवावरचं असेल तर कुठेही ११२. नंबर कागदावरही असू द्या. मेळघाटात फोनला रेंज मिळेलच असं नाही, पण कागद दुसऱ्या गाडीवाल्याच्या हाती देता येतो.

फायबरवाला

सॅन स्टॉर्म चालवतो, भारतीय बनावटीची दोन सीटांची गाडी. ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन, फायबरची बॉडी, वजनाला हलकी. तुमच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक भानगड कमी, म्हणून माझी गुंडाळी मोठी: वरच्या हत्यारांशिवाय पट्टा, पाण्याच्या पाइपचे क्लॅम्प, वायरचे तुकडे, स्पार्क प्लगचा पाना. भाग वाटेत मिळत नाहीत, तेव्हा ते माझ्या बायकोच्या बॅगेपेक्षाही आधी चढतात आणि तिलाही ते मान्य आहे. ज्याची गाडी जुनी, त्याने तिची यादी आपल्या मेकॅनिकला बसवून लिहून घ्यावी. इतरांची यादी तिला लागू पडत नाही.

ऊनसावली

मऊ पिशव्या मी बर्डीच्या बाजारातून घेतल्या, पण माप तंतोतंत जुळत नाही, डिकीच्या कडेला फट राहतेच. कोणी शिवून घेतल्या आहेत का?

मृग_बहार

घेतल्या आहेत. गाडीच्या सीटा शिवणारा कारागीर हे काम उत्तम करतो, त्याच्याकडे जाड कापड, मजबूत चेन आणि मशीन तिन्ही असतं. जाताना पुठ्ठ्याचा साचा करून न्या. छत उघडून आत घ्या, पडदा लावा, आणि पडद्याखाली जी जागा उरते तिच्यात पुठ्ठा कापून कापून बसवा. खालचा, वरचा आणि दोन्ही बाजूंचा असे चार तुकडे होतात. कारागिराला सांगा की साच्यापेक्षा सगळीकडून बोटभर लहान शीव, भरलेली बॅग फुगतेच. डाव्या बाजूला हत्याराच्या गुंडाळीएवढी जागा आधीच सोडायची, म्हणजे पंक्चर झालं तर एकही बॅग बाहेर न काढता ती हाती येते. आणि चेन वरून नको, बंपरच्या बाजूच्या उभ्या कडेला हवी, कारण छत आत असलं की डिकीत वरून हात जात नाही, फक्त मागून जातो.